एजफील्ड काउंटीतली जुनी घराणी: वंशावळ शोधणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

जॉर्जियातल्या ऑगस्टा शहरातून सॅव्हाना नदी ओलांडून उत्तरेकडे निघालं की पाऊण तासाच्या आत एजफील्ड लागतं. साउथ कॅरोलायनातलं हे लहानसं गाव. राज्याला दहा गव्हर्नर आम्ही दिले, असं तिथले लोक पाहुण्याला पहिल्या पाच मिनिटांत सांगतात. अमेरिकेतल्या मराठी घरांत आता दक्षिणेकडचे जावई आणि सुना आल्या आहेत. नातवंडांची वंशावळ लिहायला घेतली की आपल्या बाजूचं पान भरतं आणि समोरचं कोरं राहतं. ते पान भरू पाहणाऱ्यांचे प्रश्न इथे घेतले आहेत. उदाहरणं एजफील्डची आहेत. काउंटी म्हणजे राज्यातला जिल्ह्यासारखा विभाग. शेजारच्या काउंट्यांत तपशील बदलतील, रीत फारशी बदलणार नाही.

सुरुवात कुठून करायची?

घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसापासून. व्याह्यांच्या आईला किंवा आत्याला फोन करा. नावं विचाराच, पण त्यापेक्षा जागा विचारा: कुठलं चर्च, कुठला ओढा, शेत कोणत्या रस्त्याला, कोण कुठे पुरलंय. दक्षिणेत नावं इतकी सारखी असतात की जागा माहीत नसेल तर नावाचा काहीच उपयोग होत नाही. मग एकेक पिढी मागे जा आणि प्रत्येक पिढीला कागदाचा पुरावा लावा. "आम्ही अमुक सेनापतीचे वंशज" या टोकाकडून सुरुवात केली की माणूस हमखास दुसऱ्याच्याच घराण्यात शिरतो.

आजोबा एजफील्डचे म्हणतात, पण नकाशावर त्यांचं गाव दुसऱ्याच काउंटीत आहे. खरं कुठलं?

बहुधा दोन्ही खरं. हा प्रश्न नीट सुटला की अर्धं काम झालं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

१७६९ च्या कायद्यापर्यंत साउथ कॅरोलायनाचा सगळा कोर्टकारभार चार्ल्सटनला चाले. आतल्या डोंगरी भागातल्या माणसाला साधं खरेदीखत नोंदवायलाही समुद्रकाठापर्यंत जावं लागे. त्या कायद्यानं सात जिल्हे झाले आणि त्यांतल्या नाइंटी-सिक्स जिल्ह्यात हा भाग आला. (जिल्ह्याचं नाव खरोखरच शहाण्णव.) १७८५ मध्ये त्याचे तुकडे होऊन एजफील्ड काउंटी बनली. १८०० पासून तिला डिस्ट्रिक्ट म्हणू लागले, १८६८ मध्ये पुन्हा काउंटी. त्यानंतर लचके तुटायला लागले: १८७१ मध्ये एकन, १८९५ मध्ये सलूडा, १८९७ मध्ये ग्रीनवुड, १९१६ मध्ये मकॉर्मिक. प्रत्येकीनं एजफील्डची थोडीफार जमीन नेली.

जमीन गेली तरी जुने कागद मूळ कोर्टातच राहिले. ज्याचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या एकाच शेतावर राहिलं, त्याच्या पणजोबांचा कागद सलूडाच्या कोर्टात, खापरपणजोबांचा एजफील्डला आणि त्याआधीचा चार्ल्सटनच्या दप्तरात, असं सहज होतं. टेक्सासच्या अलामो किल्ल्यात १८३६ मध्ये मारला गेलेला विल्यम बॅरेट ट्रॅव्हिस एजफील्ड डिस्ट्रिक्टमध्ये जन्मला. ती जागा आज सलूडा काउंटीत आहे, म्हणून दोन्ही काउंट्या त्याला आपला म्हणतात. तेव्हा आधी घटनेचं साल ठरवा, त्या साली तो तुकडा कुणाच्या हद्दीत होता ते पाहा आणि मगच कागद शोधा.

जन्म-मृत्यूचे दाखले किती मागे मिळतात?

फार नाही. राज्यानं जन्म-मृत्यूची नोंद सक्तीची केली ती १९१५ पासून आणि लग्नाचे परवाने सुरू झाले १ जुलै १९११ पासून. मृत्यूचा दाखला ५० वर्षांनी आणि जन्माचा १०० वर्षांनी सर्वांसाठी खुला होतो. मृत्यूच्या दाखल्यात आई-वडिलांची नावं आणि आईचं माहेरचं आडनाव असतं, पण ती माहिती मेलेल्या माणसानं दिलेली नसते. शोकात बसलेल्या जावयानं किंवा शेजाऱ्यानं दिलेली असते. माहिती देणाऱ्याचं नाव त्याच कागदावर असतं, ते आधी वाचा.

घटस्फोटाचे कागद तर शोधूच नका. १८७० च्या दशकातली काही वर्षं सोडली तर १९४९ पर्यंत या राज्यात घटस्फोट मिळतच नसे. नवरा "जॉर्जियात कामाला गेला" आणि परतलाच नाही, अशी कथा घरात चालत आली असेल, तर पलीकडच्या काउंटीत त्याचं दुसरं लग्न सापडतंय का बघा. बऱ्याचदा सापडतं.

मग १९११ आधीचं लग्न सिद्ध कसं करायचं?

आडवळणानं. घरच्या बायबलच्या कोऱ्या पानांवर लिहिलेल्या तारखा, वडिलांच्या मृत्युपत्रातली "माझी मुलगी मेरी, अमुकची बायको" अशी ओळ, आणि 'एजफील्ड ॲडव्हर्टायझर'. हे वृत्तपत्र १८३६ पासून निघतंय आणि त्याचे बरेच जुने अंक स्कॅन होऊन मोफत उपलब्ध आहेत.

माझा सगळ्यात आवडता पुरावा मात्र खरेदीखतांच्या शेवटी असतो. नवऱ्याच्या जमिनीच्या तिसऱ्या हिश्श्यावर बायकोला हयातभरचा हक्क होता. नवऱ्यानं जमीन विकली की मॅजिस्ट्रेट बायकोला बाजूला घेऊन, नवऱ्याच्या मागे, विचारायचा: तू हा हक्क खुशीनं सोडते आहेस ना? तिचं उत्तर नोंदवून सही किंवा फुलीची खूण घेत. ती खुशीनं सोडत होती की नाही देव जाणे, पण १८५० आधी बाईचं नाव दुसरीकडे कुठेही दिसत नसेल, तेव्हा ते इथे दिसतं.

जनगणनेत काय मिळतं?

पहिली १७९० ची. १८४० पर्यंत फक्त घरच्या कर्त्याचं नाव आणि बाकीच्यांचे वयोगटांनुसार आकडे. १८५० पासून प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव येतं, १८८० पासून कर्त्याशी असलेलं नातंही. १८९० ची जवळजवळ सगळी वॉशिंग्टनमध्ये १९२१ च्या आगीत गेली, त्यामुळे १८८० आणि १९०० यांच्यामध्ये वीस वर्षांची खिंड पडते. जनगणना ७२ वर्षांनी खुली होते, म्हणून सध्या १९५० पर्यंतच पाहता येते. वयावर भिस्त ठेवू नका. दहा वर्षांत सात वर्षांनीच म्हाताऱ्या झालेल्या बायका मला कायम भेटतात.

दक्षिणेतली कोर्टं यादवी युद्धात जळाली म्हणतात. एजफील्डचं?

वाचलं. फेब्रुवारी १८६५ मध्ये उत्तरेच्या जनरल शेरमनचं सैन्य या राज्यातून गेलं, कोलंबिया शहर जळालं आणि कित्येक काउंट्यांची दप्तरं नष्ट झाली. जॉर्जटाउनवाल्यांनी आपले कागद सुरक्षित राहावेत म्हणून चेस्टरफील्डला हलवले, तर ते नेमके तिथेच जळाले. एजफील्डकडे १७८० च्या दशकापासूनचे कागद जवळपास सलग आहेत आणि १८३९ मध्ये बांधलेली कोर्टाची इमारत आजही चौकात उभी आहे. अलाबामा-मिसिसिपीतल्या अनेक घराण्यांचा शोध शेवटी इथे येऊन ठेपतो, त्याचं एक कारण हेच.

जमिनीचे आणि वारसाहक्काचे कागद वाचायलाच हवेत का? फार कंटाळवाणे आहेत.

आहेत खरे. पण या भागाची खरी वंशावळ त्यांतच आहे. इथल्या जमिनीची मोजणी झाडं, ओढे आणि शेजारी यांच्या आधारानं व्हायची: पांढऱ्या ओकपासून अमक्याच्या हद्दीपर्यंत. त्यामुळे नकाशात चारी बाजूंच्या शेजाऱ्यांची नावं येतात आणि लग्नं बहुतेक त्याच शेजाऱ्यांत झालेली असतात. सासरा सापडत नसेल तर बांधाला बांध लागून असलेली नावं आधी तपासा.

मृत्युपत्र न करता माणूस गेला तर चांगलंच, म्हणजे आपल्या दृष्टीनं. मग वाटणीचा दावा होतो आणि त्यात सगळ्या वारसांची नावं, मुलींचे नवरे, मेलेल्या मुलाची मुलं, टेक्सासला गेलेला धाकटा, सगळे एका पानावर येतात. एजफील्डमध्ये हे कागद पेटी आणि पुडक्याच्या क्रमांकानं लावलेले आहेत. नुसतं मृत्युपत्र वाचून उठू नका, पुडकं पूर्ण उघडा. शवपेटीचं बिल, मुलांच्या शाळेच्या फीची पावती, वैद्याची उधारी यांतून मृत्यूची तारीख आणि मुलांची वयं निघतात.

आमच्या जावयाचं कुटुंब कृष्णवर्णीय आहे. १८७० च्या मागे जाताच येत नाही असं सगळे सांगतात.

जाता येतं, पण रस्ता दुसऱ्याच्या अंगणातून जातो. "जुनी घराणी" म्हटलं की इथे लोकांच्या डोळ्यांपुढे खांबांचे पांढरे बंगले येतात. प्रत्यक्षात १८६० मध्ये एजफील्डच्या निम्म्याहून बऱ्याच जास्त लोकांना गुलामीत ठेवलेलं होतं आणि त्यांच्यातली कित्येक कुटुंबं बंगलेवाल्यांइतकीच जुनी आहेत.

१८७० ची जनगणना ही बहुतेक मुक्त झालेल्या माणसांची नावासकट पहिली नोंद. १८५० आणि १८६० मध्ये त्यांच्या वेगळ्या याद्या होत्या. त्यांत मालकाचं नाव आणि खाली फक्त वय, लिंग, रंग. माणसाचं नाव नाही. म्हणून आधी मालक शोधावा लागतो, आणि इथेच बहुतेक जण चुकतात: मुक्त माणसानं शेवटच्या मालकाचंच आडनाव घेतलं असेल असं धरून चालतात. अनेकांनी जुन्या मालकाचं घेतलं, काहींनी बापाचं, काहींनी स्वतःला आवडलेलं.

त्यापेक्षा असं करा. १८७० मध्ये तुमचं कुटुंब ज्या पानावर आहे त्याच्या मागची-पुढची पानं घ्या आणि आसपासच्या गोऱ्या जमीनदारांची यादी करा. मुक्त झालेली बरीच माणसं पहिली काही वर्षं जुन्या शेताजवळच राहिली होती. त्या यादीतले कोण १८६० मध्ये मालक होते ते पाहा आणि त्यांच्या घरात १८६५ पर्यंत कोण मेलं, कुणाच्या मुलीचं लग्न झालं ते शोधा. मालक मेला की त्याच्या मालमत्तेची किंमत ठरवून यादी होई. त्या यादीत खेचरं, नांगर, पलंग यांच्या जोडीला माणसांची नावं आणि डॉलरमधल्या किमती असतात. कधी आईपाठोपाठ तिची मुलं लिहिलेली असतात. मुलीला लग्नात दिलेल्या बक्षीसपत्रात "अमुक बाई आणि तिची पुढची संतती" असं येतं. गहाणखतांतही नावं येतात. सात-आठ नावांचा घोळका वयांसह १८७० च्या घराशी जुळला तर तुम्ही बरोबर ठिकाणी आहात. एकटं "जॅक" जुळलं तर काहीच जुळलेलं नाही.

युद्धानंतरचे तीन साठे जरूर पाहा. फ्रीडमेन्स ब्यूरो या मुक्त झालेल्यांसाठीच्या सरकारी खात्याचे मजुरीचे करार आणि इतर कागद, १८६५ ते १८७२. मुक्त झालेल्यांसाठी काढलेल्या फ्रीडमन्स बँकेच्या ऑगस्टा शाखेच्या नोंदी, ज्यांत खातेदाराचे आई-वडील, भावंडं आणि कधी जुन्या मालकाचंही नाव असतं. आणि उत्तरेच्या सैन्यात लढलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांच्या निवृत्तिवेतनाच्या फायली. तिथे विधवेला लग्न सिद्ध करायला साक्षीदार आणावे लागत आणि ते साक्षीदार सगळी कुळकथा सांगून जात.

एक खास एजफील्डची गोष्ट. गुलाम आयात करायला १८०८ पासून बंदी होती, तरी १८५८ मध्ये 'वाँडरर' नावाच्या जहाजानं सुमारे ४०० आफ्रिकी माणसं चोरून जॉर्जियाच्या जेकिल बेटावर उतरवली आणि त्यांतल्या अनेकांना नदीनं वर या भागात आणलं. नंतरच्या जनगणनांत इथल्या एखाद्याचं जन्मस्थान "आफ्रिका" दिसलं तर लेखनिकाची चूक समजून सोडून देऊ नका.

आणि इथलाच कुंभार डेव्हिड ड्रेक. गुलामांना लिहायला शिकवणं या राज्यात गुन्हा होता, त्या काळात तो आपल्या प्रचंड रांजणांवर सही आणि दोन-दोन ओळींच्या कविता कोरत होता. १६ ऑगस्ट १८५७ च्या एका रांजणावर त्यानं विचारलंय की माझे सगेसोयरे सगळे आहेत तरी कुठे. १८७० च्या जनगणनेत तो आडनावासकट सापडतो.

आमच्या सुनेच्या पूर्वजांकडे गुलाम होते असं निघालं. आता हे कसं सांगायचं?

सरळ सांगायचं आणि कागद दाखवायचा. त्याहून महत्त्वाचं, त्या यादीतली नावं जशीच्या तशी उतरवून खुली करायची. तुमच्या हातातला कागद दुसऱ्या कुणाच्या पणजीचा एकमेव पुरावा असू शकतो. आपल्या झाडावरून ती पानं गुपचूप काढून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्याशी माझं जमत नाही.

इथली गोरी आणि काळी झाडं तशीही वेगळी ठेवता येत नाहीत. एजफील्डमध्ये जन्मलेले सेनेटर स्ट्रॉम थर्मंड वंशभेदाचे नामांकित समर्थक. २००३ मध्ये वयाच्या शंभराव्या वर्षी ते वारले. त्याच डिसेंबरात एसी मे वॉशिंग्टन-विल्यम्स यांनी जाहीर केलं की आपण त्यांची मुलगी. आई कॅरी बटलर, थर्मंड यांच्या वडिलांच्या घरी कामाला असलेली कृष्णवर्णीय मुलगी. थर्मंड कुटुंबानं ते मान्य केलं आणि कोलंबियातल्या त्यांच्या पुतळ्याखाली मुलांच्या नावांत हे नावही कोरलं गेलं. २००७ मध्ये निघालं की नागरी हक्कांचे कार्यकर्ते अल शार्प्टन यांचे पणजोबा कोलमन शार्प्टन हे थर्मंड यांच्याच नात्यातल्या कुटुंबाच्या मालकीचे होते. काळ्या कुटुंबांत अशा गोष्टी तोंडी पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जात होत्या. "पुरावा नाही" म्हणून त्या उडवून लावायची घाई करू नका.

एकाच नावाची चार माणसं एकाच वेळी दिसतात. आपला कोणता?

सीनियर-ज्युनियरवर जाऊ नका. जुन्या कागदांत ते बाप-लेक असतीलच असं नाही. गावातल्या त्याच नावाच्या दोघांतला थोरला आणि धाकटा, बस. चुलता-पुतण्याही असतात. बायकोचं नाव, ओढा, शेजारी आणि साक्षीदार यांवरून माणसं वेगळी करा. जमीन विकत घेणारा आणि तीच जमीन पुढे विकणारा एकच असतो, एवढं धरलं तरी चारांपैकी दोन बाजूला होतात. घराणी एकमेकांत फार गुंतलेली आहेत. दोन भावांनी दोन बहिणी केल्या, मामे-चुलत भावंडांचं लग्न झालं, हे नित्याचं. आपल्याकडे मामाची मुलगी करणाऱ्यांना याचं नवल वाटायचं कारण नाही.

घरात सांगतात की पणजी चेरोकी राजकन्या होती.

दक्षिणेतल्या निम्म्या घरांत सांगतात. चेरोकी ही इथली मूळची जमात, आणि त्यांच्यात राजकन्या नव्हत्या. "तीन भाऊ जहाजानं आले" आणि "आमच्या आडनावाचं राजचिन्ह आहे" ही त्याच पठडीतली. राजचिन्ह माणसाला मिळतं, आडनावाला नव्हे.

डीएनए चाचणी करावी का?

करावी, पण कागदांच्या सोबतीनं. वर सांगितलेल्या गुंतागुंतीमुळे एजफील्डच्या लोकांचं आपसातलं नातं चाचणीत असतं त्याहून जवळचं दिसतं. तीन वेगवेगळ्या वाटांनी लांबचा असलेला भाऊ एकाच वाटेनं जवळचा भासतो. घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाची चाचणी आधी करा. आणि आधीच विचारून ठेवा की अनपेक्षित बाप निघाला तर चालेल का. निघतो.

नाशिक-त्र्यंबकेश्वरला उपाध्यांच्या वह्यांत कुळाची नावं सापडतात. तसं काही इथे?

एका जागी सगळं कुळ देणारं काही नाही. चर्चची इतिवृत्तं थोडीफार त्या वळणाची. इथले जुने चर्च मुख्यतः बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाचे आणि बॅप्टिस्ट तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा करत नाहीत, म्हणून जन्माची नोंद नाही. पण कोण सभासद झालं, कोण दारू पिऊन भांडलं म्हणून काढलं गेलं, कोण सभासदत्वाचं पत्र घेऊन अलाबामाला गेलं, हे सापडतं. गुलामीतले सभासदही पहिल्या नावानं आणि मालकाच्या नावासह सापडतात. गंमत म्हणजे यूटाच्या ज्या संस्थेनं हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांच्या फिल्म घेतल्या, तिनंच दक्षिणेतल्या कोर्टांचे कागदही फिल्मवर घेतले आहेत.

१८३० नंतर अख्खं घराणंच गायब झालंय.

पश्चिमेला गेलं. कापसानं जमीन निःसत्त्व झाली आणि अलाबामा, मिसिसिपी, पुढे टेक्सासकडे रांगा लागल्या. एकटं कुणी गेलं नाही. शेजारी, मेहुणे, पाद्री एकत्र गेले आणि गुलामीतल्या माणसांना आपल्या नातेवाइकांपासून तोडून सोबत नेलं. नव्या जागी सापडलेल्या कुटुंबाचे शेजारी लिहून काढा आणि तीच नावं एजफील्डच्या जुन्या यादीत शोधा.

दफनभूमी कशा शोधायच्या?

गावातल्या विलोब्रुक दफनभूमीत बडी मंडळी आहेत, ती सोपी. बाकीच्या शेतांत आणि पाइनच्या जंगलात. नाव नसलेले उभे दगड, देवदारासारखी जुनी झाडं, जमिनीवर पसरलेली सदाहरित वेल आणि थोडी खचलेली माती दिसली की थांबा. वंशजांना खाजगी जमिनीतल्या कबरींपर्यंत जाऊ द्यायचा कायदा या राज्यात आहे, तरी आधी मालकाला विचारा. हिवाळ्यात जा. झुडपं कमी आणि साप झोपलेले असतात.

घरबसल्या किती होतं आणि जायचं तर कुठे?

फॅमिलीसर्च हे वंशावळीचं संकेतस्थळ मोफत आहे आणि एजफील्डची बरीच खतं, मृत्युपत्रं तिथे आहेत. २०२४ पासून तिथे हस्तलिखित कागदांतला प्रत्येक शब्द शोधायची सोय आली आहे. कुठल्याही सूचीत नसलेला साक्षीदार किंवा यादीतलं "फिलिस" हे नाव आता सापडू शकतं. यंत्र अक्षर चुकीचं वाचतं, म्हणून नाव चार प्रकारे लिहून पाहा. पैसे भरायच्या संकेतस्थळांचं सदस्यत्व घेण्याआधी जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयात विचारा. तिथे बहुधा फुकट बघता येतं.

प्रत्यक्ष गेलात तर एजफील्डचं काउंटी अर्काइव्ह आणि चौकातलं टॉम्पकिन्स ग्रंथालय. ग्रंथालयात जुन्या एजफील्ड डिस्ट्रिक्टच्या वंशावळ मंडळाच्या घराणेवार फायली आहेत. त्यांतलं सगळं तपासलेलं नसतं, पण तुमच्याआधी कोण हाच शोध घेत होतं ते त्यातून कळतं आणि ती माणसं पत्रांना उत्तरं देतात. उरलेला दिवस कोलंबियात राज्याच्या अर्काइव्हला द्या, वसाहतकाळातले जमिनीचे नकाशे आणि स्वातंत्र्ययुद्धातल्या सेवेचे दावे तिथे आहेत. दोन्हीकडे निघण्याआधी वेळा फोन करून विचारा, पेन्सिल न्या, आणि खिडकीवरच्या बाईंना घाई करू नका. कुठलं पुडकं कुठल्या पेटीत चुकून गेलंय ते फक्त त्यांनाच माहीत असतं.